निरोप एकीचा, हिशेब सगळ्यांचा

फुलं उधळली जाऊ लागली, की समीक्षकाचं डोकं चालायचं थांबतं. म्हणून आधीच सांगून टाकतो : त्या रात्री माझेही डोळे भरले होते. तरी हिशेब मांडायचाच आहे.

22 ऑक्टोबर 2025. न्यूयॉर्कचं लिंकन सेंटर. मिस्टी कोपलंडचा निरोपाचा बॅले. नाटकगृहात अमेरिकन बॅले थिएटरची श्रीमंती मेजवानी, आणि शेजारच्या ॲलिस टली हॉलमध्ये तोच कार्यक्रम पडद्यावर, फुकट. कामानिमित्त त्या शहरात होतो. बसलो अर्थातच फुकटवाल्यांत.

मित्रहो, म्हणाल, बॅलेशी आपला काय संबंध? 1972 साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव काळ्यांच्या लढ्यातून उचललं. मग त्यांच्या नाचाला साहेबी करमणूक म्हणून पाठ दाखवणं बरं नाही.

ही बाई तेराव्या वर्षी नाचू लागली. बॅलेत हे उशिराचंच वय. पहिले धडे मुलांच्या क्लबात, बास्केटबॉलच्या मैदानावर. आई आणि भावंडांसोबत काही काळ मोटेलच्या खोलीत काढला. 2001 साली ती या कंपनीच्या समूहात आली, 2015 साली प्रमुख नर्तकी झाली. कंपनीच्या 75 वर्षांत या पदावरची पहिली काळी स्त्री!

आता नाच. वय 43, मधली पाच वर्षं रंगमंचापासून दूर. केल्व्हिन रॉयल या काळ्या नर्तकासोबत तिनं रोमिओ-ज्युलिएटचा सज्जाचा प्रवेश केला. संगीत प्रोकोफिएव्हचं, रचना मॅकमिलनची. तिच्या उडीपेक्षा उडीआधीचं थबकणं मला जास्त भिडलं. पोरगी प्रेमात पडताना घाबरते, ते तिनं खांद्यांतून दाखवलं. शेवटाकडं हर्मन कॉर्नेहोसोबत ट्वायला थार्पचं सिनात्रा स्वीट. इथं बॅलेचे बूट नव्हते, टाचांचे होते. अंग मोकळं झालं.

त्या बुटांचंही सांगतो. बॅलेचा गुलाबी बूट गोऱ्या कातडीवर बेतलेला. पाय आणि बूट एकच रेष दिसावी म्हणून. काळ्या नर्तकी वर्षानुवर्षं त्यावर आपल्या रंगाचा मेकअप थापत आल्या. सौंदर्यशास्त्र म्हणतात ते हेच. आधी कातडी ठरते, मग सौंदर्य.

तिच्याआधी रेव्हन विल्किन्सन होती. 1955 साली मोठ्या बॅले कंपनीत शिरली. दक्षिणेच्या दौऱ्यांत कु क्लक्स क्लॅनची दहशत. अखेर देश सोडून हॉलंडच्या कंपनीत नाचली. 2015 साली मिस्टी न्यूयॉर्कला स्वान लेक नाचली, तेव्हा हीच म्हातारी फुलं घेऊन मंचावर आली. ती फुलं खरी.

कारण निरोपाच्या रात्रीच्या फुलांखाली एक गोष्ट झाकली गेली. मिस्टी गेली तेव्हा त्या कंपनीत प्रमुख पदावर दुसरी एकही काळी स्त्री नव्हती. एकीला आत घ्यायचं, तिचे फोटो लावायचे, आणि दार उघडं असल्याचा दाखला मिळवायचा. ही रीत आपल्याला नवी नाही. कमिटीवर एक आपला बसवला, की झालं.

दोष तिचा नाही. तिच्या संस्थेनं ब्राँक्समध्ये पोरांसाठी फुकट बॅले वर्ग काढले आहेत, म्हणजे हिशेब तिलाही कळतो. दोष आहे तो टाळ्या वाजवून मोकळं होणाऱ्यांचा.

आपण टाळ्या वाजवू. मग विचारू : हिच्या मागं कोण?