दुपारी तीनचा बँड

काही वर्षांपूर्वीची डिसेंबरमधली दुपार. पुण्याच्या कडेला, एरवी जिथे लग्नं लागतात अशा एका लॉन्सवर तीन दिवसांचा संगीत महोत्सव भरला होता. गेट नुकतंच उघडलं होतं. मनगटाला पट्टा बांधून आत शिरलो तेव्हा धाकट्या स्टेजसमोर चाळीसेक माणसं होती आणि त्यातली निम्मी सावली शोधत आलेली. स्टेजवर तिघंजण होते. ड्रमरने घरून आणलेला जुना गालिचा अंथरला आणि त्याच्या कडा काळ्या टेपने चिकटवल्या. पायाचा जोर लागला की बेस ड्रम पुढे सरकतो, गालिचा त्याला धरून ठेवतो. पाच मिनिटांत माइक आणि वायरी तपासून झाल्या आणि वाजवणं सुरू झालं.

तिसऱ्या गाण्यात गिटारची तार तुटली. बेसवाल्याने ड्रमरकडे एकदा पाहिलं. चार सुरांची जी ओळ तो वाजवत होता, तीच त्याने धरून ठेवली, मग तिच्यातला एक सूर गाळला. ड्रमरने काठ्या स्नेअरवरून उचलल्या, जाड आवाजाच्या फ्लोअर टॉमवर नेल्या आणि सगळं एकदम खाली आणलं. गिटारवाला गुडघ्यावर बसून नवी तार ओवत होता, खुंटी पिळत होता, कान गिटारच्या लाकडाला लावून सूर जुळवत होता. तीनेक मिनिटं गेली असतील. सावलीतली माणसं एकेक करून पुढे सरकली. गिटार परत आली ती बेसने मोकळ्या सोडलेल्या त्या सुरावरच आली, आणि चाळीस माणसांनी जो आवाज केला तो चारशेंचा वाटावा असा होता.

त्या बँडच्या रेकॉर्डिंगमध्ये ती तीन मिनिटं नाहीत, असूही शकत नाहीत. मी अशा मिनिटांसाठी महोत्सवाला जातो. तिघा-चौघांनी एकमेकांचं ऐकत, समोरच्यांचं ऐकत, त्या क्षणी काहीतरी घडवणं हीच बँडची कला आहे. आपल्याकडच्या इंडी बँडची आजची स्थिती तपासायची असेल, तर रात्रीच्या मोठ्या स्टेजपेक्षा दुपारी तीनच्या या स्टेजकडे पाहावं, असं माझं मत आहे.

इंडी म्हणजे सिनेमाच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या आधाराशिवाय स्वतःची गाणी स्वतःच्या हिमतीवर करणारे लोक. त्यांना आपल्याकडे हक्काची जागा फार उशिरा मिळाली आणि मिळाली तीही पुन्हापुन्हा हातची गेली. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ या महोत्सवाने एक पिढी घडवली. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमामुळे ते खुलं नाट्यगृहच मैफलींसाठी बंद झालं. लोअर परळच्या गिरणीच्या आवारात २००७ साली ‘ब्लू फ्रॉग’ सुरू झालं. आठवड्याच्या मधल्या वारीही नीट आवाजात बँड ऐकवणारी ती जागा २०१६ मध्ये मिटली. या दोन तारखांच्या मध्ये, डिसेंबर २०१० मध्ये, पुण्यात कोरेगाव पार्कला ‘एनएच७ वीकेंडर’चा पहिला महोत्सव झाला. अनेक स्टेज, तीन दिवस, आणि बहुतांश भारतीय बँड त्यांच्या स्वतःच्या रचनांसह. दुसऱ्याच वर्षी तो दिल्ली-बंगळुरूला गेला, मग कोलकात्याला आणि शिलाँगला. २०२३ च्या जानेवारीत महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘लोलापलूझा’ आला.

या महोत्सवांनी आपल्याला काय दिलं, ते आधी मोकळ्या मनाने सांगायला हवं. दोन-तीन दिवस सलग ऐकण्याने कान बदलतो. पहिल्या दिवशी आपण ओळखीच्या नावांमागे धावतो. दुसऱ्या दिवशी पाय दुखायला लागतात, धावणं थांबतं, आणि एका स्टेजवरून दुसऱ्याकडे जाताना वाटेत कानावर पडलेलं काहीतरी आपल्याला थांबवतं. मी शिलाँगच्या ‘सोलमेट’ला असाच वाटेत थांबून ऐकलं. टिप्रिटी खारबंगार यांचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत येत होता, आणि रूडी वॉलंग यांची गिटार त्याला उत्तर देण्यासाठी जी विश्रांती घेत होती तिच्यात अख्खी ब्लूज परंपरा होती. घरी बसून, यादी करून मी त्यांच्यापर्यंत पोचलो नसतो. शिवाय दिवसभरात आठ-दहा बँड ऐकले की तुलना आपोआप होते. कोण नुसतं जोरात वाजवतंय आणि कोणाला शांतताही वाजवता येते, हे तिथे लपत नाही.

वाजवण्याची तयारी तर थक्क करणारी आहे. पंचवीस वर्षांपूर्वी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये दुसऱ्यांची इंग्रजी गाणी जशीच्या तशी वाजवणं ही बँडची परीक्षा असे. आज विशीतली मुलं स्वतःची गाणी घेऊन येतात आणि स्वच्छ, तालात, सुरात वाजवतात. पुण्याच्याच ‘ईझी वाँडरलिंग्ज’ची गाणी ऐका. बासरी, व्हायोलिन आणि दोन आवाज एकमेकांत इतक्या हळुवारपणे मिसळतात की कुठेही गर्दी वाटत नाही. कौशल्याची उणीव आज राहिलेली नाही. उणीव आहे ती वेळेची.

बँड पिकायला वेळ लागतो. ‘इंडियन ओशन’ १९९० मध्ये सुरू झाला. ‘डेझर्ट रेन’ हा त्यांचा १९९७ चा अल्बम तर थेट मैफलीतच रेकॉर्ड झालेला, आणि ‘कंदिसा’ आला २००० साली. मधल्या दहा वर्षांत गाणी स्टेजवर वाढत होती. राहुल राम नर्मदा आंदोलनात होते, त्या खोऱ्यातलं गाणं बँडमध्ये आलं. केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतली प्रार्थना आली. या गोष्टी एका बैठकीत सुचत नाहीत. दिल्लीच्या ‘पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी’ने २००९ मध्ये सुरुवात केली आणि त्यांचा ‘बिस्मिल्लाह’ २०१९ मध्ये आला. पुन्हा दहा वर्षं. आज त्यांना स्टेजवर ऐकताना जी सैल, झुलती चाल जाणवते, ती या दहा वर्षांची कमाई आहे. सैल राहूनही न सांडणं हे फक्त सवयीने येतं.

आजच्या महोत्सवातला तरुण बँड हा वेळ कुठून आणणार? त्याला तीस-चाळीस मिनिटं मिळतात. पुढचा बँड मागे उभा असतो. नीट साउंडचेक मोठ्या नावांसाठी, बाकीच्यांनी वायरी तपासून चालू करायचं. अशा वेळी बँड धोका पत्करत नाही. सहा गाणी, एकामागून एक, ठरल्याप्रमाणे. त्यात आता लॅपटॉप आला आहे. कीबोर्डचे थर, मागचे आवाज, कधी कधी दुसरी गिटारसुद्धा आधी रेकॉर्ड करून ठेवलेली असते, आणि ड्रमर कानातल्या यंत्रात ठोके ऐकत त्याच्याशी जुळवून घेतो. यंत्राला माझा विरोध नाही. त्यामुळे चौघांचा बँड दहा जणांसारखा भरीव वाजतो आणि परवडतोही. पण लॅपटॉप थांबत नाही. तार तुटली तरी तो पुढे जातो. समोरच्या माणसांनी एका ओळीवर जीव टाकला तरी ती ओळ तो पुन्हा घेऊ देत नाही. ज्या पब्लिकला ‘वन्स मोअर’ची सवय संगीत नाटकांनी लावली, त्याच्यासमोर उभं राहून त्याचं ऐकता येऊ नये, हे कलेचं मोठं नुकसान आहे. गेल्या काही वर्षांत मी सर्वाधिक सफाईदार सेट ऐकले आणि त्यातले सर्वाधिक विसरलोही.

दुसरं कारण पैशाचं आहे. पाच जणांच्या बँडला सरावाची खोली तासाच्या भाड्याने घ्यावी लागते. प्रवास पाच जणांचा, ड्रम्स-ॲम्प्लिफायरचं ओझं वेगळं. एकटा गायक गिटार पाठीला लावून रात्रीच्या बसने येतो. आयोजकाला तो परवडतो आणि त्याला स्वतःलाही परवडतं. त्यामुळे लाइन-अपमध्ये एकेकटे गायक-गीतकार आणि निर्माते वाढत आहेत, बँड कमी होत आहेत. प्रतीक कुहाडसारखा गायक हजारोंच्या गर्दीला एका गिटारवर शांत करतो, हे मोठंच काम आहे. पण चार माणसांच्या एकत्र श्वासातून उमटणारं संगीत ही वेगळी गोष्ट आहे आणि एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

तिसरी गोष्ट मला मराठी माणूस म्हणून बोचते. कोलकात्यात ‘मोहीनेर घोडागुली’ १९७५ पासून बंगालीत गात होते. केरळच्या ‘अवियल’ने २००८ च्या पहिल्या अल्बममध्ये मल्याळम रॉक ठसठशीत उभा केला. बंगळुरूचा ‘परवाझ’ उर्दू-काश्मिरीत गातो. ‘ब्लडीवुड’ने तर पंजाबी-हिंदी शब्द आणि ढोल घेऊन २०१९ मध्ये जर्मनीच्या ‘वाकन’ महोत्सवात मेटलच्या दर्दी श्रोत्यांना जिंकलं. आणि पुण्यात, मराठीच्या राजधानीत भरणाऱ्या महोत्सवात, मराठीत गाणारे बँड बोटांवर मोजावे लागतात. ‘अभंग रिपोस्ट’ संतांच्या रचना गिटार-ड्रम्सवर आणतात. ‘स्वदेशी’ या रॅप गटातला एमसी मवाली मराठीत रॅप करतो आणि त्याच्या आवाजात पोवाड्याची फेक ऐकू येते. याच्या पुढे यादी लवकर संपते.

याचं एक कारण मला घडणीत दिसतं. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं, म्हणून अर्थाचा भार ओळीच्या शेवटी पडतो. रॉकची बरीचशी चाल इंग्रजी वाक्यावर घडलेली आहे आणि तिथे क्रियापद आधीच येऊन जातं. तयार चालीत मराठी शब्द बसवले की ते चिकटवल्यासारखे वाटतात. उलट ओवी, अभंग, पोवाडा, भारूड यांत शेवटच्या टोल्यावर झेप घेणारी लय आधीच आहे. तिथून सुरुवात करून चाल बांधली पाहिजे. जुनीच रचना गाणं ही पहिली पायरी झाली. आजच्या भाड्याच्या खोलीबद्दल, आयटी पार्कमधल्या रात्रपाळीबद्दल, आटलेल्या नदीबद्दल नवी मराठी गाणी लिहिणं ही पुढची. त्यासाठीही पुन्हा वेळच हवा, आणि चुका करायला जागा.

जागेचा प्रश्न आपण पूर्वी सोडवलेला आहे, नाटकात. सत्तरच्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या साध्या हॉलमध्ये प्रायोगिक रंगभूमी उभी राहिली. महागडं नेपथ्य नव्हतं, पण पुन्हापुन्हा प्रयोग करायला जागा होती आणि ठरलेला प्रेक्षक होता. पुण्यात पुरुषोत्तम करंडकाने १९६३ पासून पिढ्यान् पिढ्या कॉलेजमधल्या मुलांना रंगमंचावर आणलं. मराठी नाटक टिकलं ते या तालमींवर. बँडसाठी आपण यातलं काहीच केलेलं नाही. वर्षातले तीन दिवस प्रचंड स्टेज आणि उरलेले तीनशेबासष्ट दिवस एखाददुसरा कॅफे, जिथे ताटल्यांच्या आवाजात गायचं. महोत्सवही अखेर परवानगीच्या कागदावर उभा असतो. २०२४ च्या डिसेंबरमध्ये पुण्याचा ‘वीकेंडर’ परवानगीअभावी ऐनवेळी रद्द झाला.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. महानगरपालिकांची छोटी सभागृहं महिन्यातून एक संध्याकाळ बँडसाठी राखून ठेवावीत. दोनशे खुर्च्या, बरा आवाज, रात्री दहाच्या आत समाप्ती, एवढं पुरेसं आहे. कॉलेजांनी एकांकिकेसारखी स्वतःच्या रचनांची स्पर्धा सुरू करावी आणि तिथे दुसऱ्यांची गाणी वाजवायला बंदी असावी. महोत्सवांनी रोज निदान एका नव्या बँडला पूर्ण तासाचा वेळ आणि नीट साउंडचेक द्यावा.

आणि आपण श्रोत्यांनी? पुण्यातच, डिसेंबरमध्येच सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव भरतो, १९५३ पासून. तिथे सत्राची सुरुवात बहुतेकदा तरुण कलाकाराने होते आणि जाणते श्रोते त्याच्यासाठी वेळेवर येऊन बसतात, कारण दहा वर्षांनी कोण मोठं होणार हे त्यांना आज ऐकायचं असतं. हा संस्कार आपल्याकडे आहेच, तो फक्त बँडच्या महोत्सवाच्या गेटमधूनही आत न्यायचा आहे. पुढच्या महोत्सवाचं तिकीट काढाल तेव्हा हेडलाइनरची वेळ पाहून निघू नका. तीन वाजता या, धाकट्या स्टेजसमोर उभे राहा आणि ज्यांचं नाव ठाऊक नाही त्यांचं पूर्ण गाणं ऐका.