परतलेल्याचे आख्यान : चरितार्थासाठी केलेले प्रांतांतर आणि मराठी कथनपरंपरा

१

'स्थलांतर' ही संज्ञा मराठी समीक्षेत आता चांगली रुळली आहे. तथापि तिच्या वापराकडे बारकाईने पाहिले असता असे दिसते की, तिच्यातून प्रायः दोनच प्रकारचे जाणे सूचित होते. एक, खेड्यातून शहरात, विशेषतः मुंबईत जाणे. दुसरे, समुद्रापार जाणे. पहिल्याने मराठी साहित्याला चाकरमानी, गिरणी आणि झोपडपट्टी ही आशयद्रव्ये पुरवली. दुसऱ्याने परदेशस्थ मराठी मनाची द्विधा पुरवली. या दोहोंच्या मधले एक जाणे समीक्षेच्या नजरेतून बहुधा निसटते. ते म्हणजे बऱ्या मिळकतीसाठी दुसऱ्या प्रांतात जाणे. येथे देश बदलत नाही, भाषा मात्र बदलते. प्रस्तुत लेखात या जाण्याला 'प्रांतांतर' असे म्हटले आहे.

प्रांतांतराची वस्तुस्थिती मराठी समाजाला नवी नाही. पुरोहित, कारकून, शिक्षक, शिपाई, कारागीर अशा नाना पेशांची माणसे किमान तीन शतके महाराष्ट्राबाहेर पोटापाण्यासाठी जात आलेली आहेत. असे असताना या अनुभवाची कथने मराठीत तुलनेने विरळ का, हा येथील प्रश्न आहे. त्याचे उत्तर अनुभवाच्या अभावात सापडणार नाही. ते कथनाच्या अटींमध्ये शोधावे लागेल. लेखाचे गृहीतक असे : मराठीत प्रांतांतराचे आख्यान परतलेला माणूस सांगतो. जो परतत नाही, त्याचे आख्यान एक तर लिहिले जात नाही, किंवा ते दुसऱ्या भाषेत लिहिले जाते.

२

या दृष्टीने पहिली महत्त्वाची संहिता विष्णुभट गोडसे वरसईकर यांच्या 'माझा प्रवास'ची. चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून गोडसे भटजींनी हा वृत्तांत लिहिला. वैद्यांनी तो संस्कारित रूपात १९०७ मध्ये प्रसिद्ध केला आणि मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये वाचकांपुढे आणली. पहिल्या प्रकाशनापासून या पुस्तकाचे वाचन १८५७ च्या बंडाची साक्ष म्हणून होत आले. झाशीचा वेढा, राणी लक्ष्मीबाई, शहराची लूट यांचे प्रत्यक्षदर्शी वर्णन मराठीत दुसरीकडे इतक्या तपशिलाने मिळत नाही, त्यामुळे हे स्वाभाविकही आहे. परंतु या वाचनात एक साधी गोष्ट मागे पडली. भटजी बंड पाहण्यासाठी निघाले नव्हते. पेणजवळच्या वरसईतील एका कर्जबाजारी घरातला हा कर्ता मुलगा, बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत आणि तेथे भरघोस दक्षिणा मिळेल, ही वार्ता ऐकून काकांसह उत्तरेस निघाला. आजच्या भाषेत, परप्रांतात मिळकत बरी होती म्हणून तो गेला.

संहितेची रचना या हेतूच्या अंगाने पाहिली की एक लक्षणीय व्यूह हाती लागतो. आरंभी ऋण आहे, म्हणजे सावकाराचे कर्ज. ते फेडण्यासाठी दक्षिणेची आशा आहे. बंडामुळे यज्ञाचा बेत दुरावतो. पुढे निरनिराळ्या ठिकाणी जे मिळते, ते लुटालुटीत हातचे जाते. म्हणजे ज्या कारणासाठी घर सोडले, ते कारण निष्फळ ठरते. अशा वेळी परतायचे कशाच्या बळावर? भटजी गंगेची कावड खांद्यावर घेऊन येतात आणि आईवडिलांना गंगास्नान घालतात. सावकाराच्या ऋणापासून सुरू झालेले कथन पितृऋणाच्या फेडीपाशी येऊन थांबते. 'ऋण' या शब्दाच्या दोन अर्थांमधला हा प्रवास आहे. अर्थार्जनाचे अपयश तीर्थयात्रेच्या भाषेत रूपांतरित होते आणि त्या रूपांतरामुळेच ते सांगण्याजोगे बनते. रिकाम्या हाताने परतलेल्या मुलाला सांगण्यासारखे काही नसते; गंगा घेऊन आलेल्या मुलाला असते.

येथे कथनमीमांसेच्या दृष्टीने एक बाब नोंदवावी लागते. 'माझा प्रवास'मधील निवेदकाचा श्रोता निश्चित आहे. तो कोकणातला, घरच्या माणसांसारखा, उत्तर हिंदुस्थान न पाहिलेला आहे. म्हणूनच तिकडचे रीतिरिवाज, खाणेपिणे, स्त्रीपुरुषांचे वागणे यांची वर्णने इतक्या हौसेने येतात. जे श्रोत्याला ठाऊक नाही, ते सांगण्याचा अधिकार परतण्याने मिळवलेला असतो. भटजी झाशीतच राहते, तर या वर्णनांची गरजच उरली नसती. रोजचे जगणे कोणी नवलाने सांगत नाही.

३

गोडसे भटजींच्या कथनात जाणारा माणूस स्वतः निवेदक आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) हे नाते उलटे होते. औंध संस्थानातल्या धनगरवाडीत शिक्षक म्हणून आलेला राजाराम हा निवेदक बाहेरचा आहे आणि शेवटी दुष्काळाने जाणारी माणसे वाडीची आहेत. या कादंबरीच्या शेवटावर समीक्षेने पुष्कळ लिहिले आहे. प्रादेशिकतेच्या, निसर्ग आणि मानव यांच्या संबंधाच्या अंगाने तिचा विचार झाला आहे. प्रस्तुत संदर्भात एवढेच लक्षात घ्यायचे की, मेंढरे घेऊन निघालेल्या माणसांबरोबर निवेदन जात नाही. शाळा ओस पडते, मास्तर वाडी सोडतो आणि कादंबरी संपते. जगायला गेलेली माणसे कोठे पोहोचली, काय करू लागली, कोणत्या भाषेत बोलू लागली, हे कथनाच्या अवकाशाबाहेर राहते. शिवेपाशी निवेदन थांबणे ही त्या कलाकृतीची उणीव मुळीच नाही. तिचा संयम तेथेच आहे. परंतु पुढच्या ग्रामीण कथनपरंपरेत हे थांबणे एक संकेत बनून गेले, असे म्हणता येईल. गाव सोडणारा माणूस गावच्या कथेतून वजा होतो.

माणदेशाच्या बाबतीत ही वजाबाकी विशेष बोलकी आहे. माडगूळकरांच्या साहित्यातला हा अवर्षणग्रस्त टापू, म्हणजे आटपाडी, खानापूर आणि लगतचे तालुके, गलाई व्यवसायातल्या माणसांचाही मुलूख आहे. जुने दागिने वितळवणे, तेजाबाने सोनेचांदी शुद्ध करणे, टंच काढणे, हे काम करीत येथली कुटुंबे केरळ, तमिळनाडूपासून बंगाल, दिल्लीपर्यंत सराफपेठांतून पसरली. १९७२ च्या दुष्काळाने या जाण्याला जोर दिला, पण त्याचा आरंभ त्यापूर्वीचा आहे. विट्याच्या आसपास असे गाव विरळ, जेथून कोणी भट्टीवर गेलेले नाही. आधी एक जण जातो, दुकानाच्या मागच्या खोलीत राहून काम शिकतो, मग भावाला, मेहुण्याला, गावच्या पोराला बोलावतो. गावाकडच्या देवळांच्या आणि शाळांच्या देणगीफलकांवर नाव, रक्कम आणि कोठल्या तरी दूरच्या शहराचे नाव अशी एक ओळ आढळते. त्या ओळीला या समूहाचे सर्वांत संक्षिप्त आत्मचरित्र म्हणावे लागेल. त्यात परतण्याची जागा शाबूत ठेवलेली आहे. मधली वर्षे गाळलेली आहेत.

येथे कोणी असे म्हणेल की, या मंडळींना लिहिण्याचा अवकाश नव्हता, श्रमाच्या जगात लेखन सुचत नाही. हा आक्षेप तपासण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. याच सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावाहून अण्णा भाऊ साठे मुंबईला गेले. शाळा त्यांना जवळजवळ मिळाली नाही, गिरणीतले कष्ट त्यांनी सोसले, गावी कायमचे ते परतलेही नाहीत. तरीही त्यांनी कथा, कादंबरी, लोकनाट्य, पोवाडा अशा अनेक प्रकारांत विपुल लेखन केले. एकाच जिल्ह्यातून निघालेल्या या दोन वाटा शेजारी ठेवल्या की कारण स्पष्ट होऊ लागते. मुंबईत अण्णा भाऊंना मराठी श्रोता मिळाला; कामगार वस्ती, कलापथक, चळवळ यांनी तो घडवून दिला. कोचीच्या किंवा मदुराईच्या सराफकट्ट्यावर असा श्रोता नव्हता. कष्ट, अंतर किंवा अशिक्षितपणा यांपेक्षा श्रोत्याची भाषा येथे निर्णायक ठरते.

४

मग परप्रांतात राहिलेल्या आणि लिहिणाऱ्या मराठी माणसांचे काय? यांचे स्थूलमानाने दोन वर्ग करता येतात. पहिला वर्ग संस्थानांच्या आश्रयाने राहिलेल्यांचा. बडोद्यात गोविंद सखाराम सरदेसाई, चिं. वि. जोशी, ग्वाल्हेरीत भा. रा. तांबे. या ठिकाणी दरबार मराठी, शेजार मराठी, वाचक पुण्यामुंबईचा. चिं. विं.नी बडोद्यात पालीचे अध्यापन केले, पण त्यांच्या चिमणरावाचा संसार पुणेरी मध्यमवर्गीय वळणाचा आहे. शरीराने बाहेर राहिलेला लेखक निवेदनात घरी परतलेला असतो. अर्थात हेही परतलेल्याचेच आख्यान झाले.

दुसरा वर्ग अधिक अवघड आणि म्हणून अधिक उद्बोधक आहे. साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर गांधीजींच्या कार्यासाठी गुजरातेत गेले आणि गुजरातीतील श्रेष्ठ गद्यलेखक ठरले. मराठी घराण्यातले सखाराम गणेश देउस्कर यांनी 'देशेर कथा' हा ग्रंथ बंगालीत लिहिला. मात्र सर्वांत मार्मिक उदाहरण मुक्तिबोध बंधूंचे. मराठी घर, ग्वाल्हेर संस्थानातली वडिलांची पोलीसखात्यातली नोकरी, एकाच घरातले दोन भाऊ. थोरले गजानन माधव हिंदीतले युगप्रवर्तक कवी झाले, धाकटे शरच्चंद्र मराठीतले कवी, कादंबरीकार आणि 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य'सारखा ग्रंथ लिहिणारे समीक्षक. हा भेद केवळ वास्तव्याने उलगडत नाही, कारण गजानन माधवांनीही १९४८ ते १९५८ ही वर्षे नागपुरात काढली. नागपूर काही मराठीपासून दूर नव्हे. तरीही त्यांची कविता हिंदीतच राहिली.

या उदाहरणामुळे आरंभीच्या गृहीतकात दुरुस्ती करावी लागते. परतणे ही भूगोलातली घटना म्हणून पुरेशी नाही. मराठीत आख्यान सांगण्यासाठी जे परतणे लागते, ते श्रोत्याच्या निवडीचे आहे. गोडसे भटजी वरसईस परतले आणि मराठी श्रोत्याकडेही परतले, चिं. वि. बडोद्यात राहून मराठी श्रोत्याकडे परतले. गजानन माधव नागपुरात येऊनही परतले नाहीत, आणि तसे परतण्याचे त्यांना कारणही नव्हते.

या मांडणीला आणखी एक छेद जातो तो सीमाभागात. जी. ए. कुलकर्णी यांनी आयुष्यातला मोठा काळ धारवाडला इंग्रजीचे अध्यापन केले. १९५६ पूर्वी धारवाड मुंबई राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते म्हैसूर राज्यात गेले. येथे माणूस जागचा हलला नाही, प्रांतच त्याच्याभोवती बदलला. जी.एं.च्या कथेतील परकेपणाचा अर्थ या एका राजकीय घटनेतून काढणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु प्रांताची सीमा ही माणसाने ओलांडण्याची रेषा असते, हे आपले गृहीत किती अलीकडचे आहे, याची जाणीव यातून व्हावी.

५

तंजावरचे उदाहरण या विवेचनाविरुद्ध पुढे करता येईल. तेथे गेलेले मराठे परतले नाहीत आणि शहाजीराजांच्या काळापासून त्यांनी मराठीत नाटकेही रचली. परंतु तेथे सत्ता मराठ्यांची होती. दरबाराने श्रोता निर्माण केला आणि टिकवला. सत्ता गेल्यावर ती परंपरा क्षीण झाली. म्हणजे हा अपवाद नियमाला बळकटीच देतो. सत्तेच्या आश्रयाशिवाय गेलेल्या कारागिराला असा श्रोता आपोआप मिळत नाही.

या सगळ्याचा समीक्षेच्या दृष्टीने अर्थ काय? भालचंद्र नेमाडे यांच्या 'टीकास्वयंवर'नंतर (१९९०) मराठी समीक्षेत देशीपणाची चर्चा केंद्रस्थानी आली आणि साहित्यकृतीचे भूमीशी असलेले नाते हा मूल्यविचाराचा एक आधार बनला. त्या चर्चेचे ऋण मान्य करूनही एक प्रश्न शिल्लक उरतो. ज्याची भूमी एक, मिळकतीची जागा दुसरी आणि मुलांच्या शाळेची भाषा तिसरी, त्याचे देशीपण कोठे मोजायचे? भूमीला चिकटून राहणाऱ्याला आणि भूमीकडे परतणाऱ्याला या विचारात जागा आहे. भट्टीवर तीस वर्षे काढून तेथेच घर बांधणाऱ्यासाठी मात्र आपल्याजवळ अजून संज्ञाही नाही.

हा प्रश्न केवळ सिद्धान्तापुरता नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा या जिल्ह्यांतल्या पदव्युत्तर मराठीच्या वर्गांत अशा घरांतली मुले बसतात. ग्रामीण साहित्याच्या तासाला त्यांना आपले गाव ओळखू येते. पण आपला बाप त्या गावात दिसत नाही, कारण कथा शिवेवर थांबलेली असते. बाप जेथे आहे, ते शहर अभ्यासक्रमात नाही. अभ्यासविषय निवडताना ही मुलेही पुन्हा गावाकडेच वळतात, कारण त्याखेरीज दुसरे काही 'साहित्याचा विषय' होऊ शकते, असे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

त्यांना ते सांगणे हे अध्यापकाचे आणि समीक्षकाचे काम आहे. त्यासाठी दोन दिशांनी जावे लागेल. एक, गलाई घरांतली पत्रे, हिशेबाच्या वह्या, बायकांच्या तोंडच्या हकिकती यांना संहितेचा दर्जा देऊन त्यांचे संकलन आणि वाचन करणे. नवरा परमुलखात असताना गावाकडचा संसार ओढणाऱ्या आणि पुढे स्वतः अनोळखी भाषेच्या बाजारात भाजी घेणाऱ्या स्त्रीचे कथन तर सर्वाधिक दुर्लक्षित आहे. दोन, मराठी घरांतून निघून मलयाळम, तमिळ, कन्नड, बंगाली भाषांत उद्या जे लिहिले जाईल, त्याकडे गमावलेला ऐवज म्हणून न पाहता मराठी अनुभवाचेच पुढचे प्रकरण म्हणून पाहणे. मुक्तिबोध बंधूंचे वाचन एकत्र करणे ही त्याची सुरुवात होऊ शकते. थोरल्याची हिंदी कविता आणि धाकट्याची मराठी कादंबरी एकाच प्रश्नपत्रिकेत येऊ नयेत, असा काही नियम नाही. त्या दोघांमधले अंतर मोजण्याची साधने मात्र आपल्याला तयार करावी लागतील, आणि ती केवळ मराठीच्या आत राहून तयार होणार नाहीत.