सी प्लस प्लसमधील स्ट्रिंगच्या स्मृतिसंरेखनाची चाचणी : एक चिकित्सा

संरेखन म्हणजे एखाद्या घटकाचा स्मृतीतील पत्ता ठरावीक संख्येच्या पटीत असणे. प्रात्यक्षिकाच्या वह्यांमध्ये त्याची चाचणी बहुधा एकाच प्रकारे आढळते. 2011 च्या मानकाने भाषेत आणलेला 'अलाइनऑफ' हा ऑपरेटर स्ट्रिंगला लावायचा आणि 64-बिट संगणकावर 8 हे उत्तर आले की 'चाचणी यशस्वी' असे लिहायचे. प्रस्तुत लेखकानेही अशा वह्यांवर सह्या केल्या आहेत.

परंतु ही चाचणी पेटीची आहे, आतील ऐवजाची नव्हे. स्ट्रिंगच्या ऑब्जेक्टमध्ये पॉइंटर व लांबी असते. 8 ही संख्या त्यांच्यामुळे येते. अक्षरे कोठे राहतील हे मजकुराच्या लांबीवर ठरते. जीएनयूच्या लायब्ररीत हे ऑब्जेक्ट 32 बाइटचे असते. 15 बाइटपर्यंतचा मजकूर त्याच्या पोटातच, आरंभापासून 16 बाइट अंतरावर राहतो. त्याहून मोठा हीपवर जातो. (पाठ्यपुस्तकी 'हॅलो वर्ल्ड' इंग्रजीत 11 बाइटचे, त्यामुळे विद्यार्थ्याला हीप दिसतच नाही.)

यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते. 'मराठी' या शब्दात काना व वेलांटी धरून 5 चिन्हे, म्हणजे नेमके 15 बाइट. तो पोटात मावतो. 'महाराष्ट्र' 30 बाइटचा, तो हीपवर जातो. आता एका स्ट्रक्चरमध्ये आधी 8 बाइटचा पूर्णांक व नंतर स्ट्रिंग ठेवली आणि स्ट्रक्चरचा पत्ता 16 च्या पटीत असला, तर 'मराठी'ची अक्षरे 24 बाइट अंतरावर सुरू होतात. 16 च्या पटीची कसोटी तेथे फसते. त्याच जागी 'महाराष्ट्र' ठेवल्यास ती उत्तीर्ण होते, कारण 64-बिट लिनक्सवर ग्लिबसीचे मॅलॉक 16 च्या पटीतीलच पत्ता देते. 'अलाइनऑफ'चे उत्तर मात्र दोन्ही वेळा 8 च!

याचे परिणाम पुस्तकी नाहीत. इंटेलच्या साध्या आज्ञा असंरेखित पत्ता निमूटपणे खपवून घेतात, म्हणून दोष प्रयोगशाळेत दडून राहतो. 'मूव्हॅप्स'सारखी आज्ञा 16 ची पट नसल्यास प्रोग्रॅम तेथेच थांबवते.

तेव्हा चाचणी 'डेटा' या फंक्शनने दिलेल्या पत्त्याची, 15 व 16 अशा दोन्ही लांबींवर आणि स्ट्रक्चरमधील निरनिराळ्या स्थानांवर घ्यावयास हवी. तरीही तिचे यश ही एका लायब्ररीविषयीची नोंदच ठरेल. मानक 'कॅर'साठी 1 हून अधिक संरेखनाची हमी देत नाही. 16 ची खरोखर गरज असेल, तर ती जागा वेगळी मागून घ्यावी लागते.