विटाळ सुरांचा आणि अवघा रंग

किशोरी आमोणकर यांच्याविषयी लिहिताना आपली प्रस्थापित संगीतसमीक्षा एक सोयीची कथा सांगते. १९६४ साली व्ही. शांताराम यांच्या 'गीत गाया पत्थरों ने' या चित्रपटाचे शीर्षकगीत त्या गायल्या. मातोश्री मोगूबाई कुर्डीकरांना ते रुचले नाही. सिनेमात गात राहिलीस तर माझ्या तानपुऱ्यांना हात लावायचा नाही, अशी तंबी मिळाली आणि लेक शुद्ध संगीताकडे परतली.

मला 'परतली' हा शब्द खटकतो. शांता शेळके यांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत असलेले 'जाईन विचारित रानफुला' हे भावगीत किशोरीताईच गायल्या. १९९० साली गोविंद निहलानी यांच्या 'दृष्टी' या चित्रपटाला संगीत त्यांनीच दिले. 'स्वरार्थरमणी'त राग आणि रस यांचा शास्त्रीय विचार मांडणारी ही गायिका लोकप्रिय गाण्याच्या अंगणात पुन्हा पुन्हा उतरत राहिली. तिथून ती परतली, असे कोणत्या हिशेबाने म्हणायचे?

मोगूबाईंचा नकारही नीट समजून घेतला पाहिजे. तो निव्वळ सोवळेपणा नव्हता. गोव्यातील कुर्डी गावच्या, कलावंत समाजात जन्मलेल्या मोगूबाई लहानपणी स्वतः नाटक मंडळीत होत्या. पुढे अल्लादियाखाँसाहेबांची विद्या त्यांनी अपार कष्टाने मिळवली. देवळाच्या आणि धनिकांच्या सेवेला जन्माने जुंपलेल्या समाजातील स्त्रीचे गाणे लोक ऐकत, पण तिला मान देत नसत. या विद्येने तिला ताठ मानेने बसायला आसन दिले. ते आसन पुन्हा बाजारात मांडले जाईल, ही भीती त्या तंबीमागे असावी असे मला वाटते.

ही भीती मला पुस्तकातून कळलेली नाही. माझे वडील चिंचणीत जयंतीला भीमगीते गात. चाली बहुधा सिनेमाच्या, साथीला पेटी आणि ढोलकी. घरातला पहिला पदवीधर मी. कॉलेजात नोकरी लागल्यावर सहकारी चहाला आले की मी वडिलांना हळू गायला सांगत असे. एकदा ते म्हणाले, "तू मास्तर झालास, म्हंजे आपलं गाणं हलकं झालं का?" मला उत्तर देता आले नाही. मोगूबाईंच्या तंबीत जी भीती होती, तीच माझ्या त्या 'हळू'मध्ये होती.

पण जी शुद्धता मोगूबाईंना संरक्षण देते, तीच अभिजनांच्या हाती गेली की इतरांना उंबऱ्याबाहेर ठेवण्याचे साधन बनते. संगीतात शुद्ध स्वर आहेत, तसे कोमल आणि तीव्रही आहेत. कोमल ऋषभाचा कोणी विटाळ मानीत नाही. भैरवी तर कोमल स्वरांवरच उभी असते. मग गाण्यांच्या प्रकारांत हे सोवळेओवळे आले कुठून? ते संगीतशास्त्रातून आलेले नाही. ते जातीच्या शास्त्रातून आलेले आहे.

याच भैरवीत किशोरीताईंनी 'अवघा रंग एक झाला' या अभंगाला चाल दिली आणि तो घराघरांत पोचवला. हा अभंग सोयराबाईंचा. चौदाव्या शतकातल्या महार स्त्रीचा, चोखोबांच्या सहचारिणीचा. गेल्या वर्षी आमच्या भागातील एका कार्यक्रमात तो सादर झाला. निवेदकांनी 'अभिजात भक्तिसंगीत' असा गौरव केला. सोयराबाईंचे नाव मात्र घेतले नाही. श्रोते डोळे मिटून बसले होते. मीही बसून राहिलो, उठून बोललो नाही.

किशोरीताईंच्या स्वरात मी-तूपण खरोखर विरते. ते सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिथे मला सोयराबाईंचा आनंद ऐकू येतो, त्यांचा प्रश्न ऐकू येत नाही. विटाळ देहातच जन्मतो तर सोवळा कोण, असे विचारणारी सोयराबाई त्या आलापीत मागे राहते. स्वराला शब्दाहून थोर मानणाऱ्या कलादृष्टीची ही मर्यादा आहे. कवयित्रीचे नावच गाळणाऱ्या निवेदकाचा दोष मात्र त्याहून मोठा आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी तो अभंग कोणाचा ते सांगितले. समोर तारप्यावर नाचणाऱ्या वारली पाड्यांतली मुले होती, बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतील कामगारांची मुले होती. एका मुलीने विचारले, "सर, मग त्यांना देवळात घेतलं का?"

चोखोबांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर, पायरीशी आहे. ते देऊळ अस्पृश्यांना खुले झाले १९४७ साली, तेही साने गुरुजींना उपोषण करावे लागले तेव्हा. तिला मी एवढेच सांगितले.

गाणे आत जाते, ते रचणारी बाहेर राहते. या घटनेची नोंद जी समीक्षा घेत नाही, तिने शुद्ध संगीताची चर्चा आमच्यापुढे करू नये.