कुलूप कुठे लावायचं?

'सुझुमे' पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी शेवटी रडले. दुसऱ्यांदाही रडले, पण मध्येच एका जागी अडखळले. हा लेख त्या अडखळण्याबद्दल आहे. (पुढे कथानक उघड होणार आहे. सिनेमा पाहायचा असेल तर आधी पाहून या.)

माकोतो शिंकाईचा हा २०२२चा ॲनिमेशनपट. मियाझाकीत मावशीकडे राहणाऱ्या सतरा वर्षांच्या सुझुमेला एका ओसाड जागी एक दार सापडतं. अशा दारांमधून एक महाकाय लाल गांडूळ बाहेर पडतं, आकाशात पसरतं आणि जमिनीवर कोसळलं की भूकंप होतो. मग सुझुमे आणि सोता जपानभर फिरत ही दारं बंद करत जातात. जपानी लोककथेत जमिनीखाली एक भलामोठा मासा असतो आणि एका दैवी दगडाने त्याला दाबून धरलेलं असतं. शिंकाईने माशाचं गांडूळ केलं. दगड मात्र ठेवला.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे दार नुसतं ढकलून बंद होत नाही. त्या जागी कधीकाळी राहिलेल्या माणसांचे आवाज आधी ऐकावे लागतात. तेव्हाच किल्लीसाठी जागा तयार होते.

पण कुलूप म्हणजे सुरक्षितता, हे सिनेमाचं गृहीतक मला पटत नाही. कारण खऱ्या जमिनीखाली नेमकं उलटं घडतं.

ईशान्य जपानजवळ पॅसिफिक प्लेट वर्षाला साधारण आठ-नऊ सेंटीमीटर वेगाने जपानखाली सरकते. ती सुरळीत घसरत राहिली असती तर प्रश्नच नव्हता. पण दोन प्लेट्स एकमेकींना जिथे घासतात, तिथे काही भाग घट्ट अडकून बसतो. भूशास्त्रज्ञ त्याला 'लॉक्ड' म्हणतात. खालची प्लेट थांबत नाही. ती वरचीची कड आपल्यासोबत ओढत नेते आणि टेबलाच्या कडेवर दाबलेल्या फुटपट्टीसारखी ती कड वाकत जाते. वरवर सगळं शांत असतं. शंभर वर्षं अशी शांतता टिकली, तर आठ-नऊ मीटरची सरक हिशोबात बाकी राहू शकते. म्हणजे दाराला कुलूप असतं, आणि धोका त्या कुलपातच साठत असतो.

११ मार्च २०११ला दुपारी २:४६ला ते सुटलं. तीव्रता ९.० होती. ओशिका द्वीपकल्प एका झटक्यात पाच मीटरहून जास्त पूर्वेकडे सरकलं आणि मीटरभर खचलं. समुद्राचा तळ उसळला, त्सुनामी आली. मेलेल्या आणि बेपत्ता माणसांचा आकडा अठरा हजारांच्या वर गेला. सुझुमेची आई त्यातलीच एक.

'परीकथेला भूगर्भशास्त्राचे नियम कशाला लावतेस?' असं कुणी म्हणेल. लावले नसते. पण शिंकाईने स्वतःच खऱ्या जागा निवडल्या आहेत. ८ ऑगस्ट २०२४ला मियाझाकीजवळच्या समुद्रात ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि जपानच्या हवामान संस्थेने नानकाई खंदकात महाभूकंपाची शक्यता वाढल्याची सूचना पहिल्यांदाच जाहीर केली. ती आठवडाभर लागू होती. तिथल्या लोकांना दार बंद करायला कुणी सांगितलं नाही. सांगितलं ते इतकंच, की रोजची कामं चालू ठेवा, पण पळायची वाट एकदा तपासून घ्या.

सिनेमाच्या क्लायमॅक्सला दगडच गांडुळाला जमिनीशी खिळतात. ते पाहताना मला दुसराच एक दगड आठवत होता. सुझुमेचं मूळ गाव ज्या इवाते प्रांतात आहे, तिथेच आनेयोशी नावाची छोटी वस्ती आहे. १९३३च्या त्सुनामीनंतर तिथे उतारावर एक दगड उभारला गेला. या जागेच्या खाली घरं बांधू नका, असं त्यावर कोरलेलं आहे. गावाने ते ऐकलं. २०११चं पाणी त्या दगडाच्या अलीकडेच थांबलं. त्या दगडाने कुठलाही भूकंप रोखला नाही. मेलेल्यांचा अनुभव त्याने जिवंत माणसांपर्यंत पोचवला, एवढंच.

म्हणून मला वाटतं, शिंकाईच्या हातात बरोबर गोष्ट होती. आवाज ऐकणं. त्याने तिला कुलपाची किल्ली बनवलं, तिथे तो चुकला. आठवणीने जमीन थांबत नाही. माणूस मात्र वेळेत टेकडी चढतो.

तरीही मी रडते, कारण शेवटच्या दारापलीकडे काय होतं ते शिंकाईला नीट कळलेलं आहे. तिथे सुझुमेला बर्फात आईला शोधणारी चार वर्षांची सुझुमे भेटते. आई परत येणार, असं ती तिला सांगत नाही. तू मोठी होशील, एवढंच सांगते. तो भूकंप कुणीच थांबवलेला नाही. थांबवता आला असता, असं सिनेमाही म्हणत नाही. कुलपांच्या या सिनेमातला सगळ्यात खरा प्रसंग तोच, आणि त्यात कशालाही कुलूप लागत नाही.