अभावातून अर्थनिर्मिती : ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’मधील टायलो – एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

‘संहिता’ ही संकल्पना आता छापील शब्दापुरती मर्यादित राहिलेली नाही. चित्रपट व जाहिरात यांच्याप्रमाणेच संगणकावरील खेळही समीक्षेच्या कक्षेत आले आहेत. मात्र खेळाचा विचार करताना त्यातील कथानकच शोधण्याची समीक्षेची सवय सुटलेली नाही. ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ या अवकाश-उड्डाणाच्या खेळापुढे ही सवय अपुरी पडते. मेक्सिकोतील स्क्वाड या कंपनीने तयार केलेल्या या खेळाची पहिली आवृत्ती २०११ मध्ये आली, तर २०१५ मध्ये तो पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. त्यात रचलेली गोष्ट जवळजवळ नाही. आहेत ते ग्रह, उपग्रह आणि गतीचे नियम. अशा संहितेत अर्थ कोठून निर्माण होतो, याचा शोध टायलो या उपग्रहाच्या आधारे घेणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

टायलोचे स्वरूप

गुरूच्या धर्तीवर कल्पिलेल्या जूल या हिरव्या वायुरूप ग्रहाभोवती टायलो फिरतो. त्याची त्रिज्या ६०० किलोमीटर, म्हणजे खेळातील पृथ्वीसमान ग्रह कर्बिनइतकीच आहे. पृष्ठभागावरील गुरुत्वीय त्वरण सुमारे ७.८५ मीटर प्रति सेकंद वर्ग असून ते आपल्या चंद्राच्या जवळजवळ पाचपट भरते. वातावरण मात्र मुळीच नाही. थोडक्यात, टायलो म्हणजे हवा काढून घेतलेले घरच होय.

या रचनेचे मर्म शेजारच्या लेथ या उपग्रहाशी तुलना केली असता उलगडते. लेथवरील गुरुत्वाकर्षण टायलोइतकेच आहे. पण तेथे वातावरण आहे. त्यामुळे लेथवर उतरणाऱ्या यानाचा वेग हवेच्या घर्षणाने घटतो आणि शेवटचे काम पॅराशूट करते. टायलोभोवती खालच्या कक्षेत फिरणाऱ्या यानाचा वेग सेकंदाला सुमारे २१५० मीटर असतो व तो सर्वच्या सर्व इंजिनाच्या बळावर शून्यावर आणावा लागतो. परतताना तितकाच वेग पुन्हा मिळवावा लागतो. त्यासाठीचे इंधन सोबत न्यायचे, तर त्या इंधनाचे वजन वाहण्यासाठी आणखी इंधन हवे. त्सिओल्कोव्हस्कीने १९०३ मध्ये मांडलेले रॉकेटचे समीकरण येथे पाठ्यपुस्तकातून बाहेर येते आणि खेळाडूच्या अनुभवाचा भाग बनते.

अभावाचा अर्थ

कर्बिनवर परतताना हवा करीत असलेले साहाय्य खेळाडूच्या लक्षातही येत नाही. ते साहाय्य टायलोवर नाहीसे होते, आणि तेव्हाच त्याचे मोल कळते. साहित्यात हे काम निवेदकाच्या भाष्यातून वा पात्राच्या पश्चात्तापातून साधले जाते; येथे ते केवळ एका अभावातून साधले आहे. भारतीय वाचकाला हा अनुभव अगदीच परका नाही. २०१९ मध्ये चांद्रयान-२ चे विक्रम हे अवतरक यान चंद्रावर आदळले, तर २०२३ मध्ये चांद्रयान-३ चे अवतरण यशस्वी झाले. दोन्ही वेळी वेग कमी करण्याची भिस्त इंजिनांवरच होती. निर्वात चंद्रावर पॅराशूटचा उपयोग नसतो.

मर्यादा

तथापि टायलोला वास्तवाची प्रतिकृती समजणे चुकीचे ठरेल. एवढ्या लहान गोलावर एवढे गुरुत्वाकर्षण असावयाचे, तर त्याची घनता पाण्याच्या सुमारे ४७ पट असावी लागते. ऑस्मियम या अत्यंत घन धातूची घनताही पाण्याच्या केवळ २२.६ पट आहे. असा खडक निसर्गात संभवत नाही. खेळातील विश्व साधारण एक-दशांश आकाराचे करून गुरुत्वाकर्षण मात्र तसेच राखल्याचा हा परिणाम आहे. येथे ॲरिस्टॉटलचा विचार उपयोगी पडतो. शक्य असूनही न पटणाऱ्या गोष्टीपेक्षा अशक्य असूनही पटणारी गोष्ट काव्यात अधिक इष्ट, असे त्याचे मत होते. टायलोचे द्रव्य असत्य आहे. त्यावर पडणाऱ्या वस्तूची गती मात्र नियमाला धरून आहे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. नेहमीच्या खेळात फसलेले उड्डाण रद्द करून पुन्हा आरंभाकडे जाता येते. त्यामुळे यान आदळले, कर्बल अंतराळवीर दगावले, तरी त्या हानीचा भार खेळाडूवर राहत नाही. टायलोने घडविलेली शोकात्म शक्यता खेळाची ही सोय बव्हंशी पुसून टाकते. अर्थात, ही सोय बंद ठेवून खेळण्याचा पर्यायही खेळातच उपलब्ध आहे. शोकात्मतेची निवड अशा रीतीने वाचकाच्या, म्हणजेच खेळाडूच्या हाती सोपविली जाते.

समारोप

टायलोवर खजिना नाही, शत्रू नाही, संवाद नाही. तरीही तेथील अपयश निरर्थक वाटत नाही, कारण त्याचे कारण शोधता येते : इंधन कमी पडले, इंजिन दुबळे ठरले, वा वेग रोखण्यास उशीर झाला. दैवाला दोष देण्यास तेथे जागा नाही. चुकीचे कारण स्वतःच्या आखणीत शोधावयास लावणे हे या संहितेचे खरे सामर्थ्य होय. खेळाला निव्वळ करमणूक मानून अभ्यासाबाहेर ठेवणाऱ्या दृष्टीने या सामर्थ्याची दखल घेणे अगत्याचे आहे.