सम-विषम : एक अपुरा प्रयोग

वाहतुकीच्या कोंडीवर दोन तऱ्हेचे उपाय असतात. रस्ते रुंद करणे, उड्डाणपूल बांधणे हा पुरवठा वाढवण्याचा उपाय. दुसरा मागणी आवरण्याचा, म्हणजे वाहनांच्या फेऱ्याच कमी करण्याचा. रुंद केलेला रस्ता काही वर्षांत पुन्हा भरतो, म्हणून दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा. दिल्लीने १ ते १५ जानेवारी २०१६ या काळात तो धरला. विषम तारखेला विषम क्रमांकाच्या मोटारी, सम तारखेला सम क्रमांकाच्या. वेळ सकाळी ८ ते रात्री ८. हेतू चांगलाच होता. पण प्रयोग म्हणून ही योजना कितपत उतरली?

प्रयोगात एका वेळी एकच घटक बदलावा, असे आपण वर्गात शिकवतो. दिल्लीत जादा बसगाड्या हव्या होत्या. शाळांच्या बस मिळाव्यात म्हणून त्या पंधरवड्यात शाळाच बंद ठेवल्या गेल्या. साहजिकच शाळेच्या फेऱ्याही रस्त्यावरून नाहीशा झाल्या. रस्ते मोकळे दिसले हे खरे, पण त्याचे श्रेय नियमाला द्यायचे की सुटीला? एप्रिलमधल्या दुसऱ्या फेरीत शाळा चालू होत्या आणि रस्ते तितके मोकळे राहिले नाहीत. हवेचा निवाडा तर आणखी अवघड. हिवाळ्यात वारा मंद असतो, धूर जमिनीलगत कोंडतो. वारा सुटला की मोटारी न घटताही आकडे उतरतात.

दुसरा दोष मोजमापाचा. हा नियम मोटारी मोजतो, फेऱ्या नाही. दुचाकी, सीएनजीच्या मोटारी आणि महिला चालकांना सूट होती. दिल्लीत दुचाकींची संख्या तर मोटारींहून अधिक. मेक्सिको शहराने १९८९ मध्येच प्रत्येक मोटारीला आठवड्यातून एक दिवस बंदी घातली होती. तेथे अनेकांनी वेगळ्या क्रमांकाची दुसरी, बहुधा जुनी मोटार घेतली. हवा सुधारल्याचा पुरावा लुकास डेव्हिस या अर्थशास्त्रज्ञाला २००८ च्या अभ्यासात सापडला नाही.

याउलट स्टॉकहोम पाहा. तेथे २००५ च्या ऑगस्टमध्ये आधी बससेवा वाढवली. मग ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ शहराच्या मध्यभागी ये-जा करणाऱ्या मोटारींवर वेळेनुसार कमी-जास्त कर लावला. सीमेवरची वाहतूक सुमारे एक पंचमांशाने घटली. कर थांबताच ती पुन्हा वाढली. कारण आणि परिणाम यांचा संबंध यापेक्षा स्पष्ट कसा दाखवणार? सप्टेंबरमध्ये नागरिकांचे मत घेतले गेले आणि ऑगस्ट २००७ पासून कर कायम झाला.

कर श्रीमंतांना सोयीचा, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. म्हणूनच कराचा पैसा कुठे जातो ते पाहिले पाहिजे. पण सम-विषमची समानताही वरवरचीच. ज्याच्या दारी एक सम आणि एक विषम अशा दोन मोटारी आहेत, त्याला नियम शिवतच नाही.

नोव्हेंबर २०१९ मध्ये दिल्लीत योजना पुन्हा आली, तेव्हाही दुचाकींना सूट होतीच. अपुऱ्या प्रयोगाने चांगली कल्पनाही बदनाम होते, आणि बसथांब्यावर उभा असलेला माणूस तोच धूर घेत राहतो. त्याच्याकडे एकही मोटार नसते.

शिक्षकांनी एक करून पाहावे. शाळेजवळच्या रस्त्यावर विद्यार्थ्यांना पंधरा मिनिटे वाहने आणि त्यांतील माणसे वेगवेगळी मोजायला सांगावीत. गर्दी माणसांची आहे की वाहनांची, हे त्यांचे त्यांनाच उमगेल.